विटभट्टी गल्लीची अठरा उत्तरं

४ मार्च

मा. अध्यक्ष, रोमा नागरिक संघ, विटभट्टी गल्ली, यांस,

घे. फोनवर म्हणालास, "संघाकडे जे मागायचं ते लेखी मागायचं, सगळे तसंच मागतात," आणि ठेवून दिलास. एकोणीस वर्षांनी सख्ख्या बहिणीचा आवाज ऐकलास आणि बावीस सेकंदांत ठेवलास. मी मोजत बसले नव्हते, फोनवर आकडा दिसतो. तर लेखी देते.

अर्जदार: सेव्हास्तित्सा ड्रागोमिर, वय त्रेचाळीस, राहणार स्टेशनामागची वसाहत, ब्लॉक सात, चौथा मजला. माझी मुलगी इलिंका, वय अठरा, हिला बुखारेस्टला फार्मसीसाठी अर्ज करायचा आहे. तिथे रोमा मुलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या जागेसाठी उमेदवार रोमा आहे असं संघाचं पत्र लागतं, सहीशिक्क्यासह. आपल्या जिल्ह्यात असं पत्र देणारा संघ एकच, आणि त्याचा अध्यक्ष तू. पत्र बारा जुलैच्या आत हवं.

मुलगी हुशार आहे. रसायनाच्या शिकवणीला दोन वर्षं जाते आहे. जायलाच लागतं, कारण शाळेत जे शिकवायचं ते इथले मास्तर संध्याकाळी आपल्या घरी शिकवतात, हे तुला सांगायला नको. पण सराव परीक्षेत ती खुल्या जागांच्या रेषेखाली राहते. जरा म्हणजे जराच. राखीव जागेत आरामात बसते.

जुनं काही उकरायचं नाही असं मी ठरवलं आहे. तूही उकरू नयेस. व्होइकावहिनीला नमस्कार सांग.

सेव्हास्तित्सा ड्रागोमिर

२० मार्च

दादा,

माझंच पत्र मला परत पाठवलंस, आणि खाली लाल पेनानं एक ओळ: "मुलीला माहीत आहे का?" लाल पेन कशाला रे? मास्तर आहेस का तू?

नाही. तिला माहीत नाही. झालं समाधान?

तिला मी सांगितलंय की माझी माणसं डॅन्यूबपलीकडच्या एका गावातली आणि आता त्यांतलं कुणी उरलं नाही. ती पाच वर्षांची असताना विचारायला लागली, "आई, तुला भाऊ नाही?" तेव्हा मी तुला न्यूमोनियानं मारलं. राग मानू नकोस. सोरिनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आजोबांच्या आधी मारलं, म्हणजे फार चर्चा झाली नाही.

त्या जागांचं तिनंच काढलं. फेब्रुवारीत शाळेतून माहितीपत्रक आणलं आणि जेवताना वाचून दाखवायला लागली. "बघ ना आई, आम्ही रात्रंदिवस घासायचं आणि ह्यांना दहापैकी सात मार्कांवर जागा! मजा आहे जिप्सींची. मीच होते आता जिप्सी, जरा उन्हात बसते." आणि हसली. सोरिनचा चमचा हवेत थांबला. मी म्हटलं, "सूप निवतंय." दुसऱ्या दिवशी ते पत्रक मी कामावर जाताना पर्समधून नेलं आणि जिन्यात उभी राहून चार वेळा वाचलं. मग तुला फोन केला.

सोरिनला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. तो म्हणतो, "माझं काही म्हणणं नाही, फक्त आईला कळू देऊ नकोस." आई म्हणजे माझी सासू. ती खालच्याच मजल्यावर राहते.

आणि मी काय काम करते तेही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी स्टेशनामागे राणीसारखी बसले आहे. मी दारोदार फिरून लोकांची मतं विचारते. बुखारेस्टची एक कंपनी आहे, ती नकाशावर रस्ता आखून देते, प्रत्येक तिसरं दार वाजवायचं, गल्ली छोटी असली तर सगळीच दारं, प्रश्न वाचायचे आणि चौकटीत खूण करायची. कधी साबण, कधी निवडणूक. गेलं वर्षभर शाळा: मुलांनी किती शिकावं, शाळेवर भरवसा आहे का, कॉलेज कुणासाठी असावं, राखीव जागा हव्यात की नकोत. मी काही बोलायचं नसतं. नुसतं वाचायचं.

लोक बोलतात. ब्लॉक बारामधले एक रिटायर्ड फोरमन आहेत, मला बळंच बसवून प्लमची दारू पाजली आणि म्हणाले, "लिहा बाई. माझा नातू तीन वर्षं प्रयत्न करतोय, आणि त्या वीटवाल्यांच्या पोरांना आयतं ताट. मी त्यांच्या विरुद्ध नाही हां, माझा एक मित्रही तसला होता. पण पहिल्या बाकावर बसायचं तर आधी हातपाय धुवावेत." मी "पूर्णपणे असहमत" ह्या चौकटीत खूण केली. मग ते म्हणाले, "तुमचं काय मत?" मी म्हटलं, "आम्हाला मत नसतं, साहेब." ते फार खूश झाले. जाताना अक्रोड दिले, ते मी घेतले.

पत्राचं काय ते कळव.

सेव्हा

१२ एप्रिल

दादा,

ईस्टरच्या सणाला लोक लाल अंडी पाठवतात, तू कात्रण पाठवलंस.

वाचलं. "विटभट्टी गल्लीला आठवी पुरे." आपल्या जिल्ह्याचं वर्तमानपत्र, गेल्या डिसेंबरातलं. गल्लीतल्या अठरा घरांपैकी चौदा घरं म्हणाली की मुलांना आठवीच्या पुढे शिकवायची गरज नाही, म्हणून गल्लीतून हायस्कूलपर्यंत बस सुरू करायचा ठराव नगरपालिकेनं मागे घेतला. आणि तू विचारतोस, "आमच्याकडे कोण आलं होतं? मी अठराच्या अठरा दारं फिरलो. कुणाकडे कुणी आलं नाही. तू हेच काम करतेस ना?"

हे काम जिल्ह्यात वीस जणं करतात. कुणाला कुठली गल्ली मिळते ते कंपनी ठरवते आणि ते गुप्त असतं. मला त्यातलं काही सांगता येत नाही. लोक विसरतात. सहा महिन्यांपूर्वी दारावर कोण आलं ते मला तरी कुठे आठवतं?

मी एक पत्र मागितलंय. हो किंवा नाही एवढंच सांग.

सेव्हास्तित्सा

१५ एप्रिल

दादा,

मागचं पत्र फाडून टाक.

मी होते. आले नाही, पण मीच होते.

ऑक्टोबरात नकाशा आला आणि माझ्या रस्त्यात विटभट्टी गल्ली निघाली. मी मितितेलूसाहेबांना, म्हणजे आमच्या वरच्यांना, फोन करून म्हटलं, गुडघा दुखतोय, तेवढी गल्ली दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, "सगळे तेच म्हणतात, कुणाचाच गुडघा त्या बाजूला चालत नाही." मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, खरंच गेले. पंपाजवळ दोन बायका बादल्या भरत होत्या. एकीनं मान वर केली. मला वाटलं, आता ही हाक मारणार, "अगं, ही तर आपली सेव्हा!", आणि ती हाक स्टेशनापर्यंत ऐकू जाणार. मी वळले आणि घरी आले.

रविवारी दुपारी सोरिन आणि इलिंका सासूबाईंकडे जेवायला गेले. मी डोकं दुखतंय म्हणून राहिले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर अठरा फॉर्म भरले. तीन वेगवेगळी पेनं वापरली. कंपनी दहातल्या एकाला फोन करून खात्री करते, म्हणून अठराही जणांपुढे "फोन नाही" अशी खूण केली. आणि बघ, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. विटभट्टी गल्लीत कशाला असतील फोन!

आता तू विचारशील, चौदा जणांना आठवी पुरे असं का लिहिलंस. मी तीन दिवस स्वतःला तेच विचारतेय. वाईट व्हावं म्हणून नाही. मला काही विचार करायला लागलाच नाही, दादा. हात आपोआप चालला. फोरमनसाहेब जे बोलतात, सासूबाई जे बोलतात, बसमध्ये जे ऐकू येतं, ते मी लिहीत गेले, आणि चौघांना मुद्दाम उलट लिहिलं, म्हणजे खरं वाटावं. मी त्या गल्लीत जन्मले आणि मला गल्लीचं मत माहीत नव्हतं. मला गल्लीबद्दलचं मत माहीत होतं.

आता उकरतेच आहे तर पूर्ण उकरते. लुंगूबाईंचा वर्ग आठवतो? पुढच्या खोलीत शेगडी आणि खिडक्या. मागच्या खोलीत आपल्या गल्लीची मुलं, चार इयत्ता एकत्र, आणि कोट घालून बसायचं. एक दिवस बाई आल्या आणि म्हणाल्या, पुढे एक बाक रिकामा झालाय. गणित तुझं चांगलं होतं. बाई उदाहरण फळ्यावर लिहून संपवायच्या आत तू उत्तर सांगायचास. पण रंगानं मी उजळ होते. बाईंनी माझा हात धरला. तू उठून माझी पाटी माझ्या हातात दिलीस. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं तर बाई परत पाठवतील असं मला वाटलं. तू चौथीतून वीटभट्टीवर गेलास आणि मी बारावी झाले. तेव्हापासून मी वळून पाहिलेलंच नाही. लग्नात कुणी ओळखू नये म्हणून आईला डोक्याचा रुमाल बदलायला लावला आणि तुला बोलावलं नाही. आई गेली तेव्हाही सगळे पांगल्यावर एकटी थडग्यावर येऊन मेणबत्ती लावून पळाले.

हे मी पत्रासाठी लिहीत नाहीये. पत्र द्यायचं नसेल तर नको देऊस. नाही, खोटं बोलले. पत्र दे.

सेव्हा

११ मे

दादा,

काल वहिनीचा फोन आला. मी तिचा आवाज ओळखला नाही, आणि तिनं मला ते विसरू दिलं नाही.

म्हणाली, "सेव्हा, तुझं पत्र आल्यापासून हा माणूस घरात बोलत नाही. कोंबड्यांशीसुद्धा नाही. मला वाटलं जीभ गेली. शेवटी पत्र मीच उशीखालून काढलं आणि मुलीकडून, झाम्फिराकडून, वाचून घेतलं."

मी म्हटलं, "झाम्फिराकडून? पोरीकडून कशाला वाचून घेतलंस वहिनी!"

"मग कुणाकडून घेऊ? मला कुठे येतं वाचायला? घरात मोकळी तीच असते. जानेवारीपासून घरीच आहे."

तेव्हा मला कळलं. तू एका शब्दानं बोलला नव्हतास. झाम्फिरा सप्टेंबरात नववीला गेली, रोज सहा किलोमीटर चालत, बंद पडलेल्या साखर कारखान्यावरून, जानेवारीत बस सुरू होणार ह्या भरवशावर. मग बस रद्द झाली. मग बर्फ पडला, कारखान्याजवळ दोनदा कुत्री अंगावर आली, आणि तिनं दप्तर ठेवून दिलं. माझी भाची. मी तिला एकदाही पाहिलेलं नाही आणि तिची नववी मी स्वयंपाकघरात बसून घालवली.

मी वहिनीला म्हटलं, "मला काय करायला हवं ते सांग." ती म्हणाली, "मी कशाला सांगू? मी काय कंपनी आहे? त्यानं लिहून ठेवलंय, तुला पाठवतेय."

आज ते पोचलं. चारच ओळी, आणि ह्या वेळी निळं पेन. "पत्र मुलीचं आहे. उमेदवारानं स्वतः यावं आणि समितीपुढे स्वतःच्या तोंडानं सांगावं, हा नियम सगळ्यांना आहे. ती आली तर तिला मिळेल. तू काय केलंस त्याचा त्याच्याशी संबंध नाही. अठरा दारं तुझी आहेत."

मला वाटलं होतं तू सौदा करशील. हे कर, मग ते देतो. सौदा केला असतास तर बरं झालं असतं, मी घासाघीस तरी केली असती. तू मोकळं सोडलंस. आता मी काय करायचं?

सेव्हा

४ जून

दादा,

गल्लीतलं तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. पण तू "लेखी दे" म्हणतोस ना, मग लेखीही घे.

आधी इलिंकाचं. वीस मेला मी तिला समोर बसवून सांगितलं. ती बराच वेळ मिठाची डबी फिरवत राहिली. मग म्हणाली, "मामा कशानं गेला म्हणालीस?"

"न्यूमोनियानं."

"मग आता बरा आहे वाटतं."

मला हसू फुटलं आणि तिथेच चुकलं. ती उभी राहिली आणि अशी ओरडली की खालच्या मजल्यावर सासूबाईंनी टीव्ही बंद केला. "मी त्या लोकांबद्दल काय काय बोलायचे! तुझ्यासमोर! आणि तू सूप वाढत राहायचीस! एकदा तरी थोबाडीत मारायची होतीस!" मग म्हणाली, "मला नको ती जागा. दुसऱ्या कुणाची असेल, त्याला मिळू दे." तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी दार वाजवून सांगितलं की पत्राची बारा जुलैची मुदत तुझ्या रागासाठी थांबणार नाही.

मग मी गल्लीत आले. कुणी सांगितलं म्हणून नाही. घरात बसवेना.

कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं होतं, पण ते पाहिलं कुणी? पहिल्याच दारात त्या म्हाताऱ्या सुलतानामावशीनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "आईचं नाक आहे. ये आत. एवढ्या वर्षांत एवढीच जाडी झालीस?" मी म्हटलं, मावशी, मला प्रश्न विचारायचेत. "विचार की. पण आधी कॉफी पी, उपाशी पोटी कसले प्रश्न?" अठरा दारांत अकरा कॉफ्या झाल्या.

मी प्रत्येकाला आधी सांगितलं की गेल्या वेळचं मी लिहिलं होतं. कुणी शिव्या दिल्या, आणि त्या मी केलं त्यापेक्षा जास्त नव्हत्या. इओर्दाकेनं दार लावून घेतलं, मग बायकोनं त्याला ओरडून पुन्हा उघडायला लावलं.

आणि दादा, खरी उत्तरं मला वाटली तशी नव्हती, आणि तुला हवी तशीही नव्हती. पाच घरं खरोखरच म्हणाली की आठवी पुरे. इओर्दाके म्हणाला, "माझा भाचा बारावी झाला. काय करतो? पिटेश्टीला गाड्या धुतो. मी आठवी होऊन गाड्याच धुतो. माझी चार वर्षं वाचली." मी ते जसंच्या तसं लिहिलं. सुलतानामावशी म्हणाली, "नातीला डॉक्टरीण करा, इंजिनिअर करा, पण नातवालाही तेवढंच शिकवा, नाहीतर ती त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही." दोन घरं म्हणाली, माहीत नाही. अकरा घरांनी सांगितलं, पोराला जिथपर्यंत जमेल तिथपर्यंत. कोपऱ्यावरच्या त्या घरातल्या बाईनं ते तीनदा लिहून घ्यायला लावलं आणि तिन्ही वेळा बोट ठेवून बघितलं, जरी तिला वाचता येत नाही.

फोन सोळा घरांत होते.

सगळ्यांनी नाव घालायला सांगितलं. मी म्हटलं, हे निनावी असतं, नाव विचारायची परवानगी नाही. तो इओर्दाकेच म्हणाला, "गेल्या वेळी निनावीच होतं ना? म्हणून तर तू भरू शकलीस. घाल नाव." मग मी सगळ्यांची नावं समासात लिहिली.

तुझं घर शेवटचं. तू इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसला होतास आणि मला "या बाई" म्हणालास. त्यापेक्षा मारलं असतंस तर चाललं असतं. मी प्रश्न वाचला, "आपल्या मते आपल्या मुलीनं किती शिकावं?" तू म्हणालास, "लिहा बाई, बस जाईल तिथपर्यंत." झाम्फिरा दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि माझ्या मांडीवरचे फॉर्म उलटे वाचत होती. हुशार आहे रे. तुझ्यासारखी उलटं वाचते.

सेव्हा

२२ जून

दादा,

ऐकून तुला हसू येईल, आणि आलं तर ये म्हणावं.

मी अठरा फॉर्म आणि कबुलीचं पत्र कंपनीला पाठवलं. गेल्या आठवड्यात मितितेलूसाहेबांचा फोन. "ड्रागोमिरबाई, हे नवे फॉर्म काय आहेत?" मी म्हटलं, हे खरे. आधीचे मी घरी भरले होते. पलीकडे त्यांनी कागद चाळले. मग म्हणाले, "अहो, पण आधीचे किती व्यवस्थित होते! आमच्या अंदाजाशी तंतोतंत जुळत होते. ह्यात अकरा घरांना कॉलेज हवंय, सोळा घरांत फोन आहेत, हे कोण मानेल? खरं सांगा, हे घरी बसून भरलेत ना?"

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी होते, त्याच टेबलापाशी. आधी हसले. मग रडू आलं, मग पुन्हा हसले. ते म्हणाले, "तब्येत बरी नाही का तुमची?" आणि नंतर म्हणाले की निकाल छापून झालेत, आता काही बदलणार नाही, आणि मला पुढचं काम मिळणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे.

मग मी फॉर्मच्या प्रती आणि माझी सही केलेलं निवेदन घेऊन नगरपालिकेत गेले आणि पोच घेतली. निवेदनात लिहिलं की पहिली अठरा उत्तरं मी तयार केली, आणि मी त्याच गल्लीतली आहे. वर्तमानपत्रात आतल्या पानावर पाच ओळी आल्या. पाच पुरल्या. ब्लॉकमध्ये संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. शेजारची पाच वर्षं माझ्या बरण्या वापरते, ती सकाळी तीन रिकाम्या बरण्या दारात ठेवून गेली, धुऊन. सासूबाई वर येत नाहीत. सोरिन जेवण घेऊन खाली जातो आणि अर्ध्या तासानं कान लाल करून परत येतो. काल मी विचारलं, काय म्हणतात? तो म्हणाला, "म्हणते, मला सांगितलं असतंस तर मी लग्नाला नाहीच म्हणाले असते." मी म्हटलं, "म्हणून तर सांगितलं नाही." तो म्हणाला, "मीही तिला तेच म्हणालो." एवढं बोलला सोरिन. लग्नापासून एवढं बोललेला मला आठवत नाही.

बसचं "विचाराधीन" असं उत्तर आहे. सप्टेंबरपर्यंत मी दर सोमवारी जाऊन विचारणार आहे. आता मला वेळच वेळ आहे.

इलिंका अजून बोलत नाही. बारावीची परीक्षा तीन दिवसांवर आली. मी पत्राचं विचारायचं सोडून दिलंय. मागितलं मी होतं, आणि ते माझं नव्हतंच.

सेव्हा

१० जुलै, बुखारेस्ट

दादा,

स्टेशनवर बसून लिहितेय. गाडीला अजून पन्नास मिनिटं आहेत आणि इलिंका सँडविच आणायला गेली आहे. मला म्हणाली, "तू काय खाणार?" म्हणजे आता बोलते.

मला तुम्ही दोघांनी मूर्ख बनवलंत. ती सोळा जूनलाच तुझ्याकडे येऊन गेली होती, आणि नंतर दोनदा. मला काल कळलं, जेव्हा तिनं बंद पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "उद्या बुखारेस्टला जायचंय, येतेस?" मी विचारलं, समितीपुढे काय बोललीस? "खरं ते बोलले. की पाच महिन्यांपूर्वी मी ह्या जागांना हसत होते. सुलतानामावशी म्हणाली, बरं झालं, आता कुणी हसलं की त्यांना काय सांगायचं ते तुला माहीत असेल." आणि तिनं झाम्फिराला गणित शिकवायला घेतलंय म्हणे. मला म्हणाली, "आई, ती माझ्यापेक्षा फास्ट आहे, चीड येते." नववीला पुन्हा नाव घालायची मुदत वीस तारखेपर्यंत आहे. बस येवो न येवो, सोरिन म्हणाला, कामावर जाताना तो तिला सोडेल. विचारलं नव्हतं त्याला कुणी.

आता आजचं. मोठा हॉल होता, शंभरेक पालक, आणि चार खिडक्या. आपल्या शहरातली तीन माणसं मी ओळखली. ते फोरमनसाहेबही नातवाला घेऊन आले होते, शेजारच्या रांगेत. त्यांनी मला पाहून टोपी काढली आणि मग आम्ही राखीव जागांच्या खिडकीच्या रांगेत आहोत ते बघून पुन्हा घातली.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट फोडलं आणि तुझं पत्र वाचायला लागल्या, मोठ्यानं, कारण ऐकायला त्यांना जरा कमी येतं असं दिसलं. "उमेदवाराला आपण केव्हापासून ओळखता? सोळा जूनपासून." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पुढे वाचलं. "उमेदवाराचं समाजाशी नातं काय? तिची आई माझी धाकटी बहीण आहे. ती आमच्या गल्लीतली आहे आणि आमच्या सगळ्या घरांना विचारून गेली आहे."

दादा, तू फक्त "ओळखतो" एवढं लिहिलं असतंस तरी चाललं असतं. सगळे तेवढंच लिहितात, ते मी रांगेत विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "सही करणारा उमेदवाराचा मामा आहे? मग हे असं चालणार नाही. नात्यातल्यानं पत्र दिलं की आईनं लेखी द्यावं लागतं की नातं खरं आहे, आणि आपण त्या समाजातल्या आहोत. आई आली आहे का?"

इलिंकानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोर बघत राहिली आणि मला जागा करून द्यायला बाजूला सरकली.

मी म्हटलं, "आले आहे." त्यांनी कोरा कागद आणि पेन सरकवलं. मी तिथेच खिडकीच्या कठड्यावर लिहायला लागले. फ्लोरेआ स्टोइका हा माझा सख्खा भाऊ. आम्ही विटभट्टी गल्लीतल्या तिसऱ्या घरात जन्मलो. वडील वीट पाडायचे, आई वाळवायची. आईचं नाव लिहिलं. ती कधी गेली ते लिहिलं. मागच्या खोलीतला आपला बाक कितवा होता तेही लिहिलं, ते कशाला लिहिलं माहीत नाही. मागची रांग कुरकुरायला लागली. इलिंका मागे वळून म्हणाली, "थांबा हो जरा, आई लिहितेय."

बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो बाई, एवढं नको. एक ओळ पुरे."

पान भरलं होतं, दादा. मी मागची बाजू घेतली होती.

तुझी बहीण,
सेव्हा